डाव्या बाजूचा खंड्या

मार्नेवाल, ११ नोव्हेंबर १८८२

सिदोनी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. दचक खुशाल. माझा राग गेलाय असं मात्र समजू नकोस. आईच्या मयताला तू आली नाहीस हे मी विसरलेले नाही, आणि ज्या नावाड्याचा हात धरून तू नदीला लागलीस त्या यव्होंला मी अजून मेहुणा म्हणत नाही. एकाच आईच्या पोटच्या, म्हणून लिहितेय. आणि कामासाठी लिहितेय.

आपण दोघींनी केलेली ती जोडी आठवते ना, नोटरीबाईंच्या दिवाणखान्यातली? शेकोटीच्या फळीवर मधोमध घड्याळ आणि दोन्ही अंगांना आपल्या फुलदाण्या. उजवीकडची माझी, डावीकडची तुझी. लव्हाळ्यावर बसलेले दोन खंड्या पक्षी, एकमेकांकडे तोंड करून. गेल्या महिन्यात त्यांच्या मोलकरणीने धूळ झटकता झटकता तुझी खाली पाडली. चार तुकडे झाले असते तर सांधली असती, पण पार चुरा झाला. नोटरीबाई गाडी जुंपून थेट आपल्या भांड्यांच्या कारखान्यात आल्या. माझी फुलदाणी त्यांनी मालकाच्या, मस्यू कुर्तादच्या टेबलावर आदळली आणि म्हणाल्या, "ही विधवा मी घरात ठेवणार नाही. ईस्टरनंतर माझ्या मुलीचं लग्न आहे. मला हिची जोड हवी."

बघ, जोड फुटलेल्या फुलदाणीला विधवा म्हणायचो आपण रंगकामाच्या बायका, तेही आपसांत. आता नोटरीची बायकोसुद्धा म्हणते. लग्नघरात तसली फुलदाणी कोणी ठेवतच नाही.

कुर्तादने मला खाली बोलावलं. "ओनोरीन, तुझी ती डावरी बहीण कुठे असते?"

"नान्तला. बिस्किटं भाजते."

"मग बोलाव तिला. हा डावीकडचा पक्षी डाव्या हाताशिवाय व्हायचा नाही. जोड जमली तर माग काय मागायचं ते."

मी काय मागितलं ते ऐक. माझी झेली चौदाची झाली. तू तिला पाहिलेलं नाहीस. आईचं नाक आणि तुझा हट्ट, दोन्ही घेऊन जन्माला आलीय. नाताळनंतर तिला कामाला लावायची, आणि कुर्तादने तिला झिलईच्या हौदावर नेमलंय. झेलीचा बाप असता तर भांडला असता, पण तो भट्टीपायी छाती पोखरून गेला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

हौद म्हणजे काय हे तुला सांगायला नको. दुधासारखं पांढरं ते पाणी, त्यात कोपरापर्यंत हात, दिवसभर भांडी बुडवायची. सगळं शिसं. बार्बमावशीचा सगळा जन्म त्या हौदावर गेला. तिची पोरं पोटातच जायची. एकच कसंबसं जन्माला आलं, तेही राहिलं नाही. आता तिची दोन्ही मनगटं गळून लोंबतात, केस विंचरायला शेजारीण लागते. हौदावरची बाई इथे कोणीही ओळखतं, हसली की पुरे. दातांच्या बुडाशी हिरडीवर निळी रेघ. पोरं त्या रेघेला हौदाची फीत म्हणून चिडवतात.

माझी पोर त्या हौदात हात घालणार नाही. मी मागितली ती वरच्या मजल्यावरची खुर्ची, रंगकामाच्या टेबलावर, माझ्या शेजारी. खिडकीचा उजेड आहे, कोरडं आहे, बायका गातात. कुर्ताद हो म्हणालाय. आता सगळं तुझ्या हातात आहे, आणि तेही डाव्या.

ये. खंड्या काढ आणि जा. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस.

ओनोरीन

ओळी वाकड्या गेल्यात. थंडीने बोटं आखडतात, बाकी काही नाही.


मार्नेवाल, ९ डिसेंबर १८८२

सिदोनी,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, चिठोरं! यव्होंचा पाय नावेच्या डोलकाठीखाली सापडला आणि त्याला तसा टाकून तुला येता येत नाही. बरं बाई. नवऱ्याला टाकून ये असं मी कोणाला सांगणार नाही. तेवढं लिहून थांबली असतीस तर मी तुझ्या नावाने मेणबत्तीसुद्धा लावली असती.

पण खाली ती एक ओळ. "झेली कुंचला ओठांत घेते का?"

पंधरा वर्षांनी भाचीची पहिली चौकशी आणि ती ही! जेवते का, कोणासारखी दिसते, बाप गेल्यावर रडली का, काही नाही. कुंचला ओठांत घेते का!

घेते. मीच शिकवते रोज घरी, आपल्याला आईने शिकवलं तसंच. रंगात बुडवायचा, ओठांत फिरवायचा, टोक आलं की रेघ ओढायची. ओठांसारखं टोक कशाने येत नाही आणि टोकाशिवाय पिसाची रेघ उठत नाही, हे आईने तुला किती वेळा सांगितलं. तू आपली मांडीवर ओली चिंधी घेऊन बसायचीस आणि कुंचला तिच्यावर घोळवायचीस. सगळं टेबल हसायचं तुला. आई म्हणायची, "चिंधी कशाला हवी गं? भांडी घासायला बसलीयस का?" आणि तू तेव्हाच्या म्हाताऱ्या कुर्तादसमोर, पाहुण्यांसमोर, मान ताठ करून म्हणालीस, "जे गिळता येत नाही ते मी तोंडात घालणार नाही." तिथेच आईने तुझ्या थोबाडीत दिली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पुढच्या रविवारी तू यव्होंच्या नावेत होतीस.

ती थोबाडीत तू आता माझ्या लेकीच्या आडून परत करतेयस. मला कळत नाही असं वाटलं का तुला? आई मेली, सिदोनी. शेवटी शेवटी पोटातल्या कळीने गुडघे छातीशी घेऊन पडलेली असायची, आंबट वाइनने आतडी जाळली होती तिची. तुझा टोमणा आता तिला लागायचा नाही. मला लागला, एवढंच.

नको येऊस. डावीकडचा खंड्या मीच काढते. माझा नसला तरी तो माझ्या डोळ्यांदेखत झालेला आहे.

ओनोरीन


मार्नेवाल, ४ फेब्रुवारी १८८३

सिदोनी,

बिस्किटांचा डबा पोचला. कोणी मागितला होता? पण पोचला, आणि शेजारपाजारच्यांनी नावाजून खाल्ला. झेलीने एक घेतलं, अर्धं ठेवलं. हल्ली तिचं पोट धरतं. खारवलेले मासे बाधले असणार. दूध पाजतेय भरपूर, दुधाने सगळं धुऊन जातं असं हौदावरच्या बायकासुद्धा म्हणतात. डब्यात चिठ्ठी होती, "जेवायच्या आधी दोघींनी तोंड धुवा." आम्ही काय डुकरं आहोत का?

तरी आभार.

कुर्तादने झेलीला माझ्या शेजारी बसवलंय, पण ईस्टरपर्यंतच. जोड आली तर खुर्ची तिची, नाही तर हौद. तोंडावर सांगितलं त्याने, पोरीच्या देखत. ती बिचारी काय करणार, हसली. पण हात बघायला हवास तू तिचा! लव्हाळ्याचं पातं एका दमात ओढते, मध्ये श्वास नाही. टोक काढते तेही माझ्यापेक्षा बारीक, ओठांतल्या ओठांत. शेजारची बाई म्हणाली, "ओनोरीन, पोरीला दूध कमी आणि निळा रंग जास्त पाजलास वाटतं." आम्ही पोट धरधरून हसलो. असं हसू मला कित्येक वर्षांत आलं नव्हतं.

खंड्या मात्र जमत नाही. तुला खोटं कशाला सांगू. माझ्या फुलदाणीसमोर बसून, रेघ न् रेघ उलटी करून बघते. चोच जागेवर येते, डोळा येतो, पिसं फसतात. उजवा हात रंगाचा लेप त्याच्याच बाजूने ओढतो आणि पक्ष्याची पाठ विस्कटल्यासारखी दिसते. झेली म्हणते, "आई, हा खंड्या त्याच्यावर रुसून बसलाय. याला जोड म्हणायचं की सवत?" एक फुलदाणी भट्टीत जाऊन आली. कुर्तादने ती बघितली आणि मागच्या दाराबाहेर ठेवली. आता तिच्यातून कोंबड्या पाणी पितात.

तू कशी काढायचीस गं? पाठीची पहिली रेघ वरून खाली की खालून वर? एवढं तरी लिही. मनगट हल्ली लवकर थकतं माझं, फार वेळा पुसून करता येत नाही.

ओनोरीन


मार्नेवाल, १८ मार्च १८८३

सिदोनी,

झाली! जोड झाली!

तुझं उत्तर कामी आलं, खालून वर, शेपटीपासून. पण तेवढ्याने झालं नाही. आता सांगायला हरकत नाही. उजवं मनगट माझं पडलंय. हिवाळा लागल्यापासूनच कुरकुरत होतं. सुपाचा चमचा सुटायचा, मी थंडीवर घालवायचे. फेब्रुवारीत एका सकाळी कुंचला उचलला आणि हात पालथाच राहिला, वर येईना. कुर्तादला दिसू नये म्हणून शाल गुंडाळून बसले आणि कुंचला डाव्या हातात घेतला.

पहिले दिवस काय गेले ते विचारू नकोस. पोर रात्रंदिवस माझ्याकडून रेघा काढून घ्यायची, पाटीवर, भिंतीवर, भाकरीच्या पिठावर. "आई, मावशीसारखी आली तर राहू दे, तुझ्यासारखी आली तर पुसून पुन्हा काढ." हे तिचं बोलणं! आणि एक दिवस लेप बसला. अगं, तुझाच लेप. तसाच जाड, तसाच शेवटी उचललेला. मी घाबरलेच. वाटलं तू येऊन माझ्या मागे उभी राहिलीस.

भट्टीतून निघाली तेव्हा सगळे गोळा झाले. निळाई अशी उतरलीय की बोट लावलं तर ओलं होईल. कुर्तादने दोन्ही शेजारी ठेवल्या आणि विचारलं, "डावरी कधी आली परत?"

मी म्हटलं, "आली होती. गेली."

झेलीची खुर्ची कायमची झाली, त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. माझी पोर हौदावर जाणार नाही. माझा एक हात गेला, जाऊ दे. आपली आई होती तोवर मला असं कधी वाटलं नाही, पण आज तू इथे असायला हवी होतीस. तुझ्या मांडीवर चिंधी असती तरी मी हसले नसते.

तुझी ओनोरीन


मार्नेवाल, २ एप्रिल १८८३

सिदोनी,

तू ते का विचारलं होतंस? कुंचल्याचं. टोमणा होता की दुसरं काही? उलट टपालाने कळव. बाकी काही लिहू नकोस, तेवढंच लिही.

ओ.


मार्नेवालचा धक्का, २२ एप्रिल १८८३

सिदोनी,

तुझं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. "हौदातली पूड आणि रंगातली पूड एकाच पोत्यातली. ते पोतं तू आणि मी वर वाहून न्यायचो, ताई." एवढंच लिहिलंस. पुरे होतं.

मला माहीत नव्हतं असं नाही गं. रंग भट्टीत टिकावा म्हणून त्यात झिलईची पूड घोटतात, मी स्वतः घोटलीय, झेलीलाही घोटायला शिकवलंय. पण ती रंगात गेली की आम्ही तिला रंग म्हणतो. हौदाला आम्ही घाबरतो, पोरींना त्या दारावरून जाऊ देत नाही, आणि वर येऊन तेच ओठांवर घेतो. इथे कोणाच्या डोक्यातच येत नाही. माझ्याही आलं नाही. आईला वाइनने नेलं नाही, हे मला आत्ता कळतंय.

कसं कळलं ते सांगते. नोटरीबाईंच्या मुलीच्या लग्नाला कारखान्यातल्या सगळ्यांना अंगणात जेवण होतं. खिडकीतून आपली जोडी दिसत होती, दोन्ही खंड्या एकमेकांकडे बघत. बार्बमावशीलाही आणलं होतं, शेजारीण तिला भरवत होती. झेलीने तिची काहीतरी नक्कल केली आणि स्वतःच खदखदून हसली. बार्बमावशीचा घास तोंडातच राहिला. मला म्हणाली, "ओनोरीन, हिला हौदावर कधी घातलीस गं?"

मी म्हटलं, "अजिबात नाही! माझी पोर वर असते, खुर्चीवर."

"मग ही फीत कुठली?"

मी झेलीला पंपाकडे नेलं, हनुवटी धरली आणि ओठ वर केला. होती. निळी, बारीक, एका दमात ओढलेली. तिने विचारलं, "काय आहे गं आई?" मी म्हटलं, "काही नाही, जेवणातलं काहीतरी लागलंय." तिने बोटाने घासलं. घासून जाणारं नव्हतं ते. मग घरी आले आणि आरशात स्वतःचा ओठ वर केला. माझी तर किती जुनी असेल कोण जाणे. रंगकामाच्या बायकांचे ओठ कोण उचलून बघतं?

त्याच रात्री तुला ते तीन ओळींचं पत्र लिहिलं. तुझं उत्तर येईपर्यंत तिला घरात ठेवायला हवी होती. ठेवली नाही. कुर्ताद म्हणाला होता, गैरहजर राहणारीला खुर्ची नसते. मी तिला कुंचला ओठांत घेऊ नको म्हणून बजावलं, ती हो हो म्हणाली आणि वळले की घ्यायची. तिला कळायचंच नाही की घेतला. गेल्या मंगळवारी टेबलावरच तिचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले, आणि तोंड रंगाच्या वाट्यांत पडलं. शुद्धीवर आली तेव्हापासून तिला भर दुपारी दिवा लावावासा वाटतो. एक कुंचला दोन दिसतात म्हणते, आणि हसते. "आई, मला आता जोड काढायला सोपं जाईल."

मी कुर्तादकडे गेले आणि म्हटलं, खुर्ची परत घ्या. तो म्हणाला, "रिकामी ठेवणार नाही हं मी." म्हटलं, ठेवू नका. पण जिला बसवाल तिला एक ओली चिंधी द्या. तो माझ्याकडे वेडीकडे बघावं तसं बघत होता. हौदावरच्या एका बाईच्या पोरीला बसवलीय आता. त्या बाईने माझे हात धरले, देवमाणूस म्हणाली मला. मी पोरीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. आईसमोर मान हलवली तिने, आणि बसल्या बसल्या शेजारणीचं बघून कुंचला ओठांत घातला.

झेलीला तुझ्याकडे पाठवतेय. हे पत्र तीच तुला देईल. यव्होंच्या ओळखीचा नावाडी आहे, भला दिसतो. वाटेत तिला पुन्हा तसा झटका आला तर काय करायचं ते त्याला सांगितलंय. ती वाचेल की नाही मला माहीत नाही. इथे राहिली तर वाचणार नाही, एवढं माहीत आहे. पोचली की आधी ओठ वर करून बघ. दूध दे, पण दुधाने धुऊन जातं असं कोणी म्हटलं तर ऐकू नकोस. तिला बिस्किटांच्या कारखान्यात लाव, रस्ता झाडायला लाव, काहीही.

मला बोलावू नकोस. आईला यायची ती कळ मलाही सुरू झालीय, नावेत तिच्यासमोर विव्हळत बसायचं नाही मला. पेंढ्यात भांडी बांधायचं काम मिळालंय, एका हाताने जमतं. मेहुण्यांना माझा नमस्कार सांग. पाय बरा आहे ना त्यांचा?

दोरी सोडतायत, आटपते. डाव्या हाताने लिहिलंय, तुला वेळ लागेल वाचायला.

थोडं राहिलं. पाकिटावर तुझं नाव झेलीला लिहायला सांगितलं, म्हटलं तेवढा वेळ डोळे कसे आहेत ते बघावं. शेजारी गाठोड्यावर बसून तिने टाक शाईत बुडवला, आणि कागदावर टेकवायच्या आधी ओठांत फिरवला. मी तिच्या थोबाडीत मारली, सिदोनी. चालत्या हाताने, सगळ्या धक्क्यासमोर. आईने तुला मारली होती तशीच.

ती रडली नाही. निळ्या ओठांनी माझ्याकडे बघत तिने विचारलं, "मग टोक कसं काढायचं, आई?"

तुझी चिंधी तिला दे.

तुझी ताई